जिच्या मागणीतून ‘गीताई’ जन्मास आली

श्रीमद्भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात (श्लोक ४५ व ४६) भगवंतांनी असे सांगितले आहे की, आपापल्या कर्मात रत असलेला मनुष्य सिद्धी पावतो. आणि ज्या परमात्म्यापासून भूतमात्राची प्रवृत्ती झाली त्याची पूजा स्वकर्माने केली असता ती सिद्धी हाती येते. हे श्लोक आपणा गृहस्थांच्या नित्य वाचनातले आहेत. परंतु ‘स्वकर्म’ हा शब्द ऐकताच आपल्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? रणांगणावरील क्षत्रियाचे शौर्य, अध्यापकाचे अध्यापन, व्यापाऱ्याची पेढी, फार तर कचेरीतील आपली स्वतःची नोकरी. घरात पहाटे उठून चूल पेटविणारी, पाणी भरणारी, सर्वांच्या मागून जेवणारी जी गृहिणी, तिच्या कर्माकडे या श्लोकाच्या दृष्टीने पाहण्याचे आपल्या क्वचितच मनात येते. भगवंतांनी कर्माचा आकार मोजलेला नाही, केवळ त्यामागील अर्पणबुद्धी पाहिली आहे, हे आपण प्रवचनात मान्य करतो आणि घरी आल्यावर विसरतो.

म्हणून प्रस्तुत अभ्यासासाठी कोणत्याही भाष्यातील वाद न घेता एका गृहिणीचे चरित्रच घेण्याचे योजिले आहे. ही गृहिणी म्हणजे आचार्य विनोबा भावे यांच्या मातुःश्री रुक्मिणीबाई. थोर पुत्राची माता म्हणून तिची निवड केलेली नाही. संस्कृत गीता जिला समजत नव्हती, परंतु समजून घेण्याची जिची तळमळ होती आणि न समजताही जिच्या हातून गीता आचरली जात होती, अशी एक स्त्री आपल्यापुढे असावी, एवढाच या निवडीचा हेतु.

रुक्मिणीबाईंच्या चरित्रात बाह्य घडामोडी फारच थोड्या आहेत. त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील, पेण तालुक्यात गागोदे हे लहानसे गाव आहे. तेथील भावे यांच्या घरी त्या सून म्हणून आल्या. पती नरहर शंभूराव भावे हे बडोद्यास नोकरीस असत. शास्त्रीय दृष्टीचे, काटेकोर स्वभावाचे, वस्त्रांच्या रंगकामाचे प्रयोग करणारे गृहस्थ. ११ सप्टेंबर १८९५ रोजी गागोद्यास त्यांचे ज्येष्ठ पुत्र विनायक यांचा जन्म झाला. पुढे बाळकृष्ण, शिवाजी आदी मुले झाली. काही वर्षे सासरी गावी काढल्यानंतर हे कुटुंब बडोद्यास राहू लागले. सयाजीराव महाराजांच्या त्या संस्थानात मराठी कुटुंबे पुष्कळ होती. त्यांतलेच हे एक. रुक्मिणीबाईंनी कधी सभेत भाषण केले नाही, ग्रंथ लिहिला नाही, संस्था काढली नाही. त्यांच्याविषयी आपणास जे ठाऊक आहे ते मुख्यतः विनोबांनी पुढील आयुष्यात वेळोवेळी सांगितलेल्या आठवणींवरून. आपल्या मनाच्या घडणीत आईचा जो वाटा आहे, त्याला दुसऱ्या कशाची तोड नाही, असे ते सांगत.

आता त्यांचा दिनक्रम पाहू. पहाटे त्या उठत आणि काम करता करता अभंग म्हणत. त्यांना पाठ असलेले अभंग आणि पदे इतकी होती की मुलांना नित्य काही नवे ऐकावयास मिळे. वाचता त्यांना जेमतेम येत असे. महीपतींचा ‘भक्तिविजय’ हा १७६२ सालचा ओवीबद्ध संतचरित्रग्रंथ त्या अक्षरे लावीत लावीत वाचीत. एकदा विनायकाने शंका काढली की असे संत पूर्वीच होऊन गेले, आता ते कोठे आहेत? त्यावर आईचे उत्तर असे होते की संत आजही आहेत, आपणांस ते ओळखू येत नाहीत एवढेच. ते नसते तर ही पृथ्वी कोणाच्या तपाच्या आधारावर उभी राहिली असती? वाचन कमी, पण वाचलेल्या गोष्टी आजच्या जगाशी जोडून पाहण्याची शक्ती केवढी!

अभंगात मन रंगले की कधी भाजीत मीठ घालावयाचे राहून जाई, कधी दुप्पट पडे. विनायकाचे जेवणात फारसे लक्ष नसल्यामुळे तो तसाच जेवून उठे. नंतर वडील पानावर बसले म्हणजे प्रकार उघड होई. अशा गोष्टी भक्तीची थोरवी म्हणून सांगण्याची आपल्याकडे चाल आहे. प्रस्तुत लेखकाला ती तितकीशी रुचत नाही. दुसऱ्या अध्यायात (श्लोक ५०) योगाचे लक्षण कर्मातील कौशल्य असे दिले आहे, आणि खारट भाजी हे काही कौशल्य नव्हे. रुक्मिणीबाईंनाही त्याचे भूषण वाटत नसावे. या गोष्टीवरून घ्यावयाचे ते इतकेच की नामस्मरणासाठी त्यांना निराळा वेळ मिळत नव्हता. ज्यांना देवघरात दोन तास बसता येते त्यांच्या भाजीत मीठ नेमके पडावे यात नवल नाही.

घरातील सर्वांची जेवणे उरकल्यावर, स्वतः जेवण्यापूर्वी, त्या देवापुढे बसत. यथासांग पूजा होई आणि शेवटी त्या दोन्ही कान धरून, त्या अनंत ब्रह्मांडांच्या नायकापाशी आपल्या अपराधांची क्षमा मागत. त्या वेळी त्यांच्या डोळ्यांतून अश्रू वाहत. विनोबांनी याविषयी मोठा मार्मिक विचार सांगितला आहे. रामनवमीला किंवा गोकुळाष्टमीला, उत्सवाच्या भरात, कोणाचेही डोळे भरून येतील. परंतु रोजच्या साध्या पूजेत, काही विशेष निमित्त नसता, रोज डोळे भरून यावे, हे त्यांनी आईपाशी पाहिले. आणि या बाईने सकाळपासून केले काय होते, की तिला क्षमा मागावी लागावी? रांधले, वाढले, भांडी घासली. नवव्या अध्यायात (श्लोक २७) जे जे करशील, जे खाशील, जे होमात टाकशील, जे देशील, जे तप करशील ते मला अर्पण कर, अशी आज्ञा आहे. अर्पण करावयाची वस्तु स्वच्छ आहे की नाही हे पाहणे ओघानेच आले. दिवसभराच्या कामात कोणावर रागावलो असू, कोणाला टाकून बोललो असू, तर ते धुवून मग पुढे ठेवावयाचे. त्यांच्या क्षमायाचनेचा अर्थ आम्हांस असा वाटतो.

आता लाख तांदळांची गोष्ट. देवाला एक लक्ष तांदूळ वाहण्याचा त्यांचा नेम होता. रोज मूठभर तांदूळ घेऊन त्या एकेक दाणा मोजून वाहत. नरहरपंतांनी हे पाहिले. गणिती बुद्धीचे ते गृहस्थ, त्यांनी सुचविले की एक तोळा तांदूळ घ्यावा, त्यात दाणे किती भरतात ते एकदा मोजावे, त्या हिशोबाने लाख दाण्यांचे वजन काढावे आणि चुकून कमी पडू नयेत म्हणून वर थोडे अधिक घालावे, काम झाले. हिशोबात कोठेही चूक नव्हती. रुक्मिणीबाईंना त्यावर उत्तर सुचेना, पण मनही मानीना. त्यांनी विनायकाला विचारले. तो म्हणाला की हे काम म्हणजे निव्वळ दाण्यांची गणती नव्हे. प्रत्येक दाण्याबरोबर देवाचे स्मरण होते, म्हणून एकेक मोजूनच वाहणे योग्य. हे ऐकून त्यांचे समाधान झाले.

वाचकांनी थोडा हिशोब करून पाहावा. एका सेकंदाला एक दाणा धरला, तरी लाख दाण्यांना सुमारे २८ तास लागतात. ज्या गृहिणीला दिवसातून अर्धा तास मिळणेही कठीण, तिला हे काम जवळजवळ दोन महिने पुरेल. नरहरपंतांच्या युक्तीने ते पाव घटकेत आटोपले असते, आणि तांदूळही तितकेच देवापुढे पडले असते. मग अधिक काय मिळाले? सहाव्या अध्यायात (श्लोक २५ व २६) मनाला हळूहळू, धीराने आत्म्याच्या ठायी आणावे आणि ते जेथे जेथे पळेल तेथून परत ओढून आणावे, असा अभ्यास सांगितला आहे. मोजताना मन भरकटले की मोजणी चुकते. चुकली की मन भरकटल्याचे कळते. आसन, प्राणायाम, एकांत यांपैकी काहीही जिच्या वाट्याला नव्हते, तिला तांदळाच्या दाण्याने तो अभ्यास घडविला. वजनाने लाख दाणे मिळतात, लाख वेळा परत आणलेले मन मिळत नाही. तथापि नरहरपंतांना कोणी कोरडे समजू नये. वेळ वाचविण्याची त्यांची इच्छा पत्नीच्या कष्टांकडे पाहूनही असू शकेल.

दानाविषयी रुक्मिणीबाईंची शिकवण मुलांना तोंडी धड्यांनी मिळाली नाही, पानांच्या द्रोणांनी मिळाली. गागोद्यास झाडाचा फणस उतरविला की तो फोडून गरे द्रोणांत भरावयाचे, ते शेजारीपाजारी घरोघर पोचवून यावयाचे, आणि मग उरलेले मुलांनी खावयाचे. कोकणात वाढलेल्या कोणालाही विचारावे, कापा फणस समोर फोडलेला असता, त्याचा वास घरभर सुटलेला असता, भरलेला द्रोण दुसऱ्याच्या घरी नेऊन देणे हे लहान मुलाच्या दृष्टीने केवढे तप आहे! जो देतो तो देव आणि जो साठवून ठेवतो तो राक्षस, असे आई सांगे. तिसऱ्या अध्यायातील (श्लोक १२ व १३) जो कठोर निवाडा आहे, की देवांचे देवांना न देता भोगणारा चोरच होय आणि केवळ स्वतःसाठी रांधणारे पापच खातात, तो या मुलांनी फणसाच्या गऱ्यांबरोबर गिळला. तुळशीला पाणी घातल्यावाचून मुलांना जेवावयास मिळत नसे, हाही त्यातलाच नियम. पुढे १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे भूदानाचा आरंभ झाला आणि विनोबा वर्षानुवर्षे गावोगाव पायी हिंडून भूमिहीनांसाठी जमीन मागत राहिले. त्या यज्ञाचे मूळ ते आईच्या या शिकवणीपर्यंत नेऊन पोचवीत.

शेजारच्या एका घरची गृहिणी परगावी गेली की रुक्मिणीबाई तेथे जाऊन स्वयंपाक करून देत. त्या आधी आपल्या घरचा स्वयंपाक उरकीत, मग तिकडे जात. विनायकाची बुद्धी तर्काची. त्याने आईला टोकले की हा तर स्वार्थ झाला. आधी आपल्या मुलांचे, मग दुसऱ्याचे! आईने त्याला समजाविले की त्यांचा स्वयंपाक आधी करून ठेवला तर जेवणाच्या वेळेपर्यंत तो निवून जाईल. म्हणून त्यांचा मागाहून करते, म्हणजे त्यांना गरम अन्न मिळते. निवलेले अन्न आपल्या घराने खावयाचे होते. तर्काने ज्याला स्वार्थ ठरविले तेच निःस्वार्थतेचे टोक होते. परोपकार करतानाही आपण बहुधा आपल्या सोयीची वेळ पाहतो. या बाईने घेणाऱ्याच्या पानाची वेळ पाहिली.

यानंतरचा प्रसंग गीतेच्या अभ्यासकांनी विशेष विचारात घेण्याजोगा आहे, कारण येथे रुक्मिणीबाईंचे आचरण गीतेच्या वचनाविरुद्ध जाते की काय, अशी शंका येते. एकदा दारी एक धट्टाकट्टा भिकारी आला. रुक्मिणीबाईंनी त्याला भिक्षा घातली. विनायकाला हे पटले नाही. धडधाकट माणसाला भीक घालणे म्हणजे आळसाला उत्तेजन देणे. अपात्री दान देऊ नये. आईचे म्हणणे असे पडले की पात्र कोण आणि अपात्र कोण हे ठरविणारे आपण कोण? दारी आलेल्याला परमेश्वररूप समजून शक्तीप्रमाणे द्यावे. या उत्तराचे खंडन करील अशी युक्ती आपणांस अद्याप सापडली नाही, असे विनोबा पुढे सांगत.

आता सतराव्या अध्यायातील दानाचे प्रकरण (श्लोक २० ते २२) काढून पाहावे. देश, काळ आणि पात्र पाहून, परतफेडीची अपेक्षा न धरता, द्यावयाचे म्हणून दिलेले दान सात्त्विक; आणि अयोग्य देशी, अयोग्य काळी, अपात्र माणसाला, अनादराने व अवहेलनेने दिलेले दान तामस. शब्दार्थाने पाहिले तर विनायकाची बाजू भक्कम आहे. मग आईचे दान तामस ठरले काय?

ठरले नाही, असे आम्ही म्हणतो. पण ते हातचलाखीने म्हणता कामा नये. तामस दानाच्या लक्षणांत अपात्रतेबरोबरच अनादर आणि अवहेलना ही दोन लक्षणे आली आहेत, आणि रुक्मिणीबाईंच्या दानात आदर काठोकाठ भरलेला होता. शिवाय पात्रतेचा विचार कोणत्या दानात करावयाचा? कोणी संस्थेसाठी हजारो रुपये मागावयास आला, तर त्याची चौकशी केलीच पाहिजे. तेथे न पाहता देणे हा आळस होय. परंतु मूठभर पीठ किंवा भाकरीचा तुकडा मागणाऱ्याच्या बाबतीत चौकशीचे निमित्त करून आपण बहुधा आपली मूठच झाकीत असतो. भुकेल्यासाठी भूक हीच पात्रता, असेही कित्येक जाणते मानतात. एवढे सांगूनही विनायकाचा आक्षेप पुरता संपत नाही, हे कबूल केले पाहिजे. धट्टाकट्ट्या माणसाला काम मिळावे ही चिंता खरी आहे, आणि विनोबांनी जन्मभर शरीरश्रमाचा जो आग्रह धरला त्यात बाल विनायकाचा तो आक्षेप जिवंतच राहिला. आईची श्रद्धा आणि मुलाची चिकित्सा या दोहोंचा समेट एका वाक्यात होत नाही. तो करण्याची घाईही नको.

त्यांच्या घरी एक गरीब विद्यार्थी जेवावयास असे. कधी शिळे अन्न उरले तर रुक्मिणीबाई ते स्वतः खात किंवा विनायकाला वाढीत. त्या विद्यार्थ्याला मात्र नेहमी ताजे. विनायकाने येथेही बोट ठेवले: सर्वांना समान लेखावे असे तू सांगतेस, आणि तूच भेद करतेस! आईने भेद नाकारला नाही. तिने सांगितले की तू मला अजून मुलगा म्हणून दिसतोस, तुझ्या ठायी माझी आसक्ती आहे; तो अतिथी मला देवरूप दिसतो. तूही ज्या दिवशी देवरूप दिसू लागशील त्या दिवशी हा भेद मिटेल. पाचव्या अध्यायातील (श्लोक १८) समदर्शनावर आपण अनेक प्रवचने ऐकली असतील. आपल्यात समदर्शन कोठवर आले आहे आणि कोठे अडले आहे, हे इतक्या स्वच्छपणे सांगणारा साधक विरळा. आणि आसक्ती असूनही तिच्यापुढे मान तुकविली नव्हती. आसक्ती ज्याच्यावर, त्याच्याच वाट्याला शिळे अन्न जात होते.

या आसक्तीची खरी परीक्षा पुढे झाली. विनायकाने एके दिवशी आपली प्रमाणपत्रे चुलीत घातली. आईने विचारले की ती ठेवली असती तर बिघडले काय असते? त्यांची कधी गरज पडणार नाही, असे मुलाचे उत्तर. २५ मार्च १९१६ रोजी तो इंटरची परीक्षा देण्यासाठी मुंबईस म्हणून निघाला आणि वाटेत सुरतेस उतरून काशीस गेला. ७ जून १९१६ रोजी अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात त्यांची व गांधीजींची भेट झाली आणि ते तेथलेच झाले. ज्येष्ठ पुत्र, बुद्धिमान, घराची आशा. तो निरोपही न घेता निघून गेला. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी काय बोलावयाचे ते बोललेच असेल. आपला विन्या वावगे काही करणार नाही, हा आईचा विश्वास मात्र ढळला नाही.

तेराव्या अध्यायात (श्लोक ९) पुत्र, पत्नी, घर इत्यादींच्या ठायी अनासक्ती हे ज्ञानाचे लक्षण म्हणून सांगितले आहे. त्याचा अर्थ सांगताना घर सोडून जाणाऱ्याचे उदाहरण देण्याची रीत पडली आहे. येथे घर सोडून गेला तो मुलगा, आणि घरात राहिली ती आई. जो जातो त्याच्यापुढे काशी असते, हिमालय असतो, नव्या जीवनाचा उत्साह असतो. जी राहते तिच्यापुढे तेच घर असते आणि त्यात एक पान कमी मांडावयाचे असते. या दोहोंतील कोणाची अनासक्ती अधिक कठीण, याचा निवाडा वाचकांनीच करावा.

आता गीतेकडे येऊ. १९१५च्या सुमारास बडोद्यास गीतेवर प्रवचने चालली होती आणि रुक्मिणीबाई ती ऐकावयास जात. संस्कृत श्लोक त्यांना समजेनात. त्यांनी विनायकाजवळ मागणी केली की मला मराठी गीता आणून दे. मराठीत त्या वेळी गीतेची उणीव होती असे नव्हे. शके १२१२, म्हणजे १२९०, मधील ज्ञानेश्वरी होती. वामन पंडितांची समश्लोकी होती. लोकमान्य टिळकांचे ‘गीतारहस्य’ही १९१५ सालीच पुण्यास प्रसिद्ध झाले होते आणि सुशिक्षितांत त्याचीच चर्चा चालली होती. परंतु ज्ञानेश्वरीची भाषा सहाशे वर्षांपूर्वीची. गीतारहस्य पंडितांशी वाद घालणारा प्रचंड ग्रंथ. विनायकाने गद्य भाषांतर आणून दिले, तर आईला पद्य हवे होते, म्हणजे ते म्हणता येईल. मग वामन पंडितांची समश्लोकी आणली. काही दिवसांनी आई म्हणाली की हीही कठीण वाटते. याहून सोपी दुसरी नाही, असे मुलाने सांगितले. तेव्हा ती सहज म्हणाली की मग तूच का करीत नाहीस? तुला करता येईल.

या मागणीचे मोल आपण ओळखले पाहिजे. पुष्कळ घरांत, ‘आम्हां बायकांना काय कळते’ असे म्हणून स्त्रिया पोथीला नमस्कार करतात आणि तेवढ्यावर समाधान मानतात. पुरुषांनाही ते सोयीचे असते. रुक्मिणीबाईंनी पोथीला केवळ नमस्कार केला नाही. मला समजत नाही, आणि मला समजले पाहिजे, असे त्यांनी दोन वेळा सांगितले. नवव्या अध्यायाच्या ३२व्या श्लोकात भगवंतांनी स्त्रियांना परमगतीचे आश्वासन नावानिशी दिले आहे. ते आश्वासन जिच्यासाठी आहे तिला ज्या भाषेत ते वाचता येत नाही, त्या भाषेतच ते राहिले तर पत्र लिहिले खरे, पण पोचविले नाही, असे होईल.

मागणी पुरी होण्याआधीच रुक्मिणीबाई गेल्या. १९१८ साली घरात आजारपण आले. विनोबा आश्रमातून बडोद्यास आले. शेवटच्या दिवसांत त्यांनी आईला विचारले की मनाला समाधान आहे ना? तिने सांगितले की पूर्ण समाधान आहे. तू मोठा झालास, भावंडांकडे पाहशील, ती काळजी नाही. आणि दोन महिन्यांपूर्वी देवाचे दर्शनही झाले आहे. हे दर्शन डाकोरच्या रणछोडरायाचे. बडोद्याहून डाकोर त्या काळीही चार तासांची वाट. पण बारा वर्षांत त्यांना जाता आले नव्हते.

येथे थोडे थांबावेसे वाटते. अशा साध्वींचे चरित्र सांगताना आपण त्यांच्या समाधानाची स्तुती करतो, आणि ती योग्यच आहे. परंतु चार तासांच्या वाटेला बारा वर्षे का लागली, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. समाधान तिचे होते, ती तिची कमाई. पण उंबरठा घराचा होता. रोज सर्वांच्या मागून जेवणारी स्त्री तक्रार करीत नाही, यावरून तिला इच्छाच नाही असे अनुमान काढणे हे काही गीतेने शिकविलेले नाही. सहाव्या अध्यायातील (श्लोक ३२) जो आपल्यावरून इतरांचे सुखदुःख जाणतो तो श्रेष्ठ योगी, हे वचन घरातल्या माणसांनाही लागू आहे. आपल्या घरातील कोणते ‘डाकोर’ किती वर्षे राहून गेले आहे, हे प्रत्येक गृहस्थाने आज संध्याकाळी पानावर बसण्यापूर्वी विचारून पाहावे.

२४ ऑक्टोबर १९१८ रोजी, अवघ्या ४२व्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. अंत्यविधी पुरोहितांकरवी व्हावा असे घरच्यांचे मत पडले. तो आपण स्वतः करावा अशी विनोबांची इच्छा होती. मतभेद मिटला नाही, आणि विनोबा स्मशानात गेले नाहीत. आईचे छत्र गेल्यावर त्यांनी वेदमातेचा आश्रय घेतला. वेदाध्ययनास त्यांनी तेव्हापासून आरंभ केला.

आईच्या दोन वस्तू त्यांनी जवळ ठेवल्या होत्या: तिचे लग्नातले लुगडे आणि तिच्या पूजेतील अन्नपूर्णेची मूर्ती. लुगडे ते उशाशी घेत. पुढे खादीचे व्रत घेतल्यावर ते लुगडे खादीचे नाही म्हणून साबरमतीत सोडून दिले. मूर्तीची नित्य पूजा व्हावी म्हणून ती आश्रमातील एका श्रद्धाळू भगिनीच्या स्वाधीन केली. अशा रीतीने आईची एकही वस्तु त्यांच्यापाशी उरली नाही. मागणी तेवढी उरली.

ती पुरी करण्यास ७ ऑक्टोबर १९३० रोजी त्यांनी वर्ध्यास हात घातला आणि ६ फेब्रुवारी १९३१ रोजी सातशे श्लोकांचे ते काम पुरे झाले. १९३२ साली ग्रंथ छापून प्रसिद्ध झाला. मूळ श्लोकांना धरून केलेली, म्हणता येईल अशी, सोप्या मराठीतील गीता. तिचे नाव त्यांनी ‘गीताई’ ठेवले. गीता आणि आई ही दोन्ही त्यात आली. छापण्यापूर्वी त्यांनी आश्रमातील मुलींचा वर्ग घेऊन ती शिकवून पाहिली, आणि ज्या ज्या ठिकाणी त्या मुली अडल्या तेथे शब्द बदलले. पंडितांकडे अभिप्रायासाठी जाण्याआधी ते मुलींकडे गेले, कारण जिच्यासाठी हे करावयाचे ती काय विचारील याची त्यांना आठवण होती. त्यानंतरही एखादा शब्द अडू नये म्हणून ‘गीताई’चा शब्दार्थकोश तयार झाला, त्या कामी विनोबांच्या जोडीला त्यांचे धाकटे बंधू शिवाजीराव बसले होते, रुक्मिणीबाईंचाच आणखी एक मुलगा.